सुचलं कुणाला?

डॉ. अलका बोरसे वर्गात मुलांशी कमी आणि स्वतःशीच जास्त बोलतात, अशी नंदुरबारच्या त्यांच्या कॉलेजात ख्याती होती. शिकवता शिकवता त्या मध्येच थांबत. "पण मग असं असेल, तर तसं का नाही होत?" असं हवेला विचारत आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास उत्तर देई. उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असे. त्या चुकीतून पुढचा अर्धा तास जाई. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मुलांच्या कितीतरी तुकड्या याच रीतीने घडल्या होत्या. त्यामुळे पदवी संशोधन निधीचा प्रकल्प मंजूर झाला आणि त्यासोबत आलेल्या डबीतून दोन राखाडी पट्ट्या निघाल्या, तेव्हा विभागाला काळजी वाटली ती बोरसे मॅडमची.

प्रकल्प सेवंती वळवीचा होता. सेवंती तिसऱ्या वर्षाला होती. गाव मोलगीकडच्या डोंगरात, वडील एसटीत कंडक्टर, स्वतः वसतिगृहात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवतात त्या मोकळ्या मैदानांवर, तिला काम करायचं होतं. वाळताना मिरचीवर एक बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण परदेशी गेलेला माल बंदरातून परत येतो, आणि जो परत येतो तो इथेच कुणाच्या तरी भाजीत जातो. सेवंतीला मिरचीच्याच सालीवर राहणारा एक निरुपद्रवी जिवाणू सापडला होता. तो पेट्रीडिशमध्ये बुरशीला जागाच धरू देत नसे. तोच पथारीवर फवारला तर? एवढा साधा प्रश्न होता. निधीने तो उचलून धरला. चाचण्यांचा खर्च मिळणार होता आणि सेवंतीला दर तिमाहीला विद्यावेतन.

अट मात्र पट्ट्यांची होती.

पूर्वी या निधीबद्दल तक्रारी फार होत. काही प्राध्यापक तयार विषय मुलांच्या हाती देऊन त्यांना नुसतं राबवून घेत, तर काही मुलांच्या कल्पना आपल्या नावावर खपवत. काम कुणाचं हे ठरवणार कसं? तेव्हा मेंदूशास्त्रज्ञ मदतीला आले. माणसाला एखादी गोष्ट सुचते, म्हणजे डोक्यातल्या दोन दूरच्या गोष्टी अचानक एकमेकींना भेटतात, तेव्हा उजव्या कानाच्या वरच्या बाजूला अतिशय जलद विद्युत्‌लहरींची एक उसळी येते. "अरे!" असं तोंडातून निघायच्या किंचित आधी. तीच गोष्ट दुसऱ्याकडून ऐकून कळली, तर लहरींचा क्रम वेगळा असतो. आधी भाषेची केंद्रं जागी होतात, मग बाकीचं. कानामागे चिकटवायच्या या पट्ट्या दोघांच्या लहरी एकाच घड्याळावर टिपत, सोबत संभाषणही टिपत, आणि कल्पना कुणाच्या डोक्यात आधी उगवली ते सांगत. मॅडमना आधी सुचलं आणि मग त्यांच्या शब्दातून, प्रश्नातून, अगदी भुवई उंचावण्यातून ते सेवंतीकडे गेलं, तर वाटा मॅडमचा. सेवंतीच्या वाट्याला जो आकडा येई त्याचं नाव श्रेयांश. तो निम्म्याखाली घसरला की पुढचा हप्ता बंद. शिवाय पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या संस्था आता एम.एस्सी.च्या प्रवेशाला गुणांपेक्षा श्रेयांशच आधी बघत.

पहिल्या बैठकीत मॅडम नेहमीसारख्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी आकडा आला. सेवंतीचा वाटा जेमतेम एक तृतीयांश.

कॉलेजातलं निधीचं काम प्रा. गिरासे बघत. ते विभागात येऊन दार लोटून बसले.

"मॅडम, मुलीचं नुकसान करताय तुम्ही."

"अहो, मी फक्त विचारलं, की जिवाणू जगायला त्याला खायला काय लागेल."

"तेच ते. विचारलंत म्हणजे तुमच्या डोक्यात आलं. डोक्यात यायलाच नको."

"डोक्यात येणं माझ्या हातात आहे का सर?"

गिरासे सरांनी आवाज खाली आणला. "मी काय करतो सांगू? मीटिंग सुरू झाली की मनात मारुतीस्तोत्र. पोरगं बोलत राहतं, मी मान हलवतो. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याचा श्रेयांश जिल्ह्यात पहिला होता."

मॅडम फारशा देवभोळ्या नव्हत्या. त्यांनी पाढे धरले.

दर शुक्रवारी सेवंती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून आठवड्याचं काम सांगे आणि मॅडम समोर बसून मनात एकोणीसचा पाढा म्हणत. तो सवयीचा झाला तसा तेवीसचा, मग एकोणतीसचा. पाढा जितका अवघड, तितकं डोकं इतर गोष्टींपासून लांब राही. सेवंती थांबली की त्या म्हणत, "बरं. पुढे?" श्रेयांश चढत गेला. गिरासे सर खूश झाले. प्राचार्यांनी सेवंतीचं नाव सूचनाफलकावर लावलं.

सेवंतीला मात्र काही कळेनासं झालं. याच मॅडमच्या वर्गात, पहिल्या वर्षाला, तिने मागच्या बाकावरून एक चुकीचं उत्तर दिलं होतं आणि मॅडम धावत तिच्या बाकापर्यंत आल्या होत्या. "असं का वाटलं तुला? सांग, सांग." शाळेत तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आता त्याच बाई समोर बसून खिडकीबाहेर बघत. तिने मैत्रिणीला सांगितलं, "मॅडमचा माझ्यावरचा विश्वास उडालाय बहुतेक. तोंडावर बोलत नाहीत, एवढंच."

दिवाळीनंतर मिरचीचा हंगाम ऐन भरात आला. जिग्नेशभाईंच्या पथारीचा एक कोपरा प्रयोगासाठी मिळाला होता. सेवंतीने फवारणी केली, नमुने आणले, तपासले. विष होतं तेवढंच होतं. तिने जिवाणूंचं प्रमाण दुप्पट केलं. तरी तेवढंच. प्रयोगशाळेत जिंकणारा जिवाणू पथारीवर हरत होता.

पुढच्या शुक्रवारी तिने मॅडमना पथारीचे फोटो दाखवले. एका फोटोत नळाखाली निळा ड्रम होता आणि त्यातून फवारणीच्या पंपात पाणी भरणं चाललं होतं. मॅडमनी तो फोटो जवळ ओढला. नगरपालिकेचं पाणी! त्यात क्लोरीन. प्रयोगशाळेत सेवंती शुद्ध पाणी वापरत होती, इथे जंतू मारायच्या पाण्यातच जिवाणू कालवत होती. उसळी आली असणार, पट्टीने टिपलीही असणार. पण उसळीला अर्थ तेव्हाच, जेव्हा ती दुसऱ्याकडे पोचते. मॅडमनी चेहरा दगडासारखा केला. एकोणतीस एके एकोणतीस.

"काही चुकतंय का मॅडम माझं?"

"तुला काय वाटतं?" म्हणत त्यांनी फोटो परत केले.

घरी येऊन त्या अस्वस्थ फिरत राहिल्या. यजमानांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मुलगी खड्ड्याकडे चाललीय आणि मला हाक मारायची बंदी आहे."

"तिला आपलं आपण कळेल की."

"कळेल. पण हंगाम संपल्यावर कळून काय उपयोग?"

तरीही त्या थांबल्या. पुण्याच्या संस्थेचा अर्ज, सेवंतीचा आकडा, त्या आकड्यावर टेकलेलं तिचं पुढचं सगळं आयुष्य. आपल्या जिभेपायी ते जायला नको. आणखी दोन शुक्रवार गेले.

तिसऱ्या शुक्रवारी सेवंती आली ती काही न आणता. कागद नाहीत, फोटो नाहीत. दोघींनी सवयीने पट्ट्या लावल्या.

"मॅडम, माझे मामा सुरतेला मसाल्याच्या कारखान्यात आहेत. तिथे तपासणी विभागात जागा आहे. मी…" ती थांबली. तिने घरी हे वाक्य चारदा म्हणून पाहिलं होतं. "मी प्रकल्प सोडावा म्हणतेय. जमत नाहीये मला. तुम्हालाही ते दिसतंय, म्हणूनच तुम्ही…"

मॅडमचे ओठ हलत होते.

सेवंती नीट बघत राहिली. आवाज नव्हता, पण ओठ स्पष्ट हलत होते. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते…

"मॅडम, तुम्ही पाढे म्हणताय?"

मॅडम दचकल्या.

"मी प्रकल्प सोडतेय म्हणून सांगतेय," सेवंतीचा आवाज फुटला, "आणि तुम्ही समोर बसून पाढे म्हणताय?"

मॅडमनी हात वर नेला, कानामागची पट्टी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. मग उठून सेवंतीच्या कानामागचीही काढली, शाळकरी मुलीच्या केसांतलं काही काढावं तशी.

"ऐक. मी महिनोन्‌महिने पाढेच म्हणतेय. तू बोलायला लागलीस की माझ्या डोक्यात दहा गोष्टी येतात गं. त्यातली एक जरी बाहेर आली तरी तुझा आकडा पडतो. म्हणून पाढे. विश्वास उडाला नाही माझा, उलट तुझं काही बिघडू नये म्हणून तोंड बांधून बसले होते. आता ऐक, मी सांगून टाकते. गेला आकडा खड्ड्यात. तुझं पाणी चुकतंय. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तुझे जिवाणू पंपातच मरतायत."

सेवंतीने डोळे पुसले. मग ती थोडी गोंधळून म्हणाली, "पण मॅडम, मी पाणी एक दिवस आधी भरून उन्हात उघडं ठेवते. क्लोरीन उडून जातो. पहिल्याच आठवड्यात पाहिलं ना मी. पंपातलं पाणी आणून डिशमध्ये वाढवून बघितलं. जिवाणू मस्त जिवंत आहेत."

"काय?"

"हो. म्हणून तर कळत नाहीये."

मॅडम स्टुलावर बसल्या. आठवडेच्या आठवडे त्यांनी जे रहस्य दातांखाली धरून ठेवलं होतं, ते एका वाक्यात निकालात निघालं होतं. त्या आधी हसल्या, मग त्यांना हसू आवरेना. सेवंतीलाही हसू फुटलं, का ते नीटसं न कळता.

"म्हणजे मी गप्प राहिले ते चुकीच्या उत्तरासाठी!"

"विचारलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

"चल," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "पथारीवर जाऊ."

पट्ट्या टेबलावरच राहिल्या.

डिसेंबरातली उतरती दुपार होती. पथारी क्षितिजापर्यंत लाल दिसत होती आणि हवेत मिरचीची ठसका लावणारी खाट इतकी, की पोचल्या पोचल्या मॅडमना शिंका सुरू झाल्या. जिग्नेशभाईंनी खुर्च्या टाकल्या. "बेन, चहा घ्या आधी. मिरची काही पळून जात नाही."

चहा पिता पिता दोघींचं बोलणं सुरू झालं, आणि महिनोन्‌महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मॅडम म्हणाल्या, ऊन असेल, उन्हात जिवाणू मरत असतील. सेवंती म्हणाली, संध्याकाळी फवारूनही पाहिलं. सेवंती म्हणाली, मिरचीची जात वेगळी असेल. मॅडम म्हणाल्या, साल तर सारखीच. एकीने म्हणायचं, दुसरीने खोडायचं. मध्येच मार्केटमधून एक टेम्पो आला आणि ओल्या मिरचीचा ढीग घालून गेला. शेजारी आदल्या दिवशीचा ढीग होता. मॅडमनी त्यातली एक मिरची काढायला हात घातला आणि मागे घेतला.

"आतून केवढा गरम आहे गं हा."

"रंग एकसारखा यायला दोन दिवस ढिगातच ठेवतात. मग पसरतात."

"गरम आणि ओलं."

"हो, आणि मी फवारते पसरल्यावर…"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"डिशमध्ये तू दोघांना एकाच दिवशी सोडतेस," मॅडम म्हणाल्या.

"आणि इथे बुरशी दोन दिवस आधी येऊन बसते," सेवंती म्हणाली. "मी जाते तेव्हा सगळी जागा भरलेली!"

तिने जिग्नेशभाईंना हाक मारली. "भाई, हा आत्ता आलेला ढीग मला द्याल? पसरायच्या आधी?"

त्या आठवड्यात तिने ढिगावर फवारणी केली, ढीग उलथवून आतूनही केली. नमुने वाळले, तपासले. विष नावालाच उरलं होतं. तिने पुन्हा तपासलं. मग आणखी दोन ढीग घेतले. तेच उत्तर. ती निकाल घेऊन धावत आली तेव्हा मॅडम प्रात्यक्षिक घेत होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि पहिल्या वर्षाची मुलं बघत राहिली.

मग प्रश्न उरला निधीचा. प्रकल्पाने दिशा बदलली की ती कल्पना कुणाची हे नोंदवणं बंधनकारक होतं, आणि ती ज्या क्षणी उगवली त्या क्षणी पट्ट्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर होत्या. दोघींनी पट्ट्या लावून तेच बोलणं पुन्हा करून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, ढीग गरम असतो. सेवंती म्हणाली, हो का? पट्टीने काहीच टिपलं नाही. एकदा सुचलेलं पुन्हा सुचत नाही. मेंदू तेवढा प्रामाणिक असतो.

गिरासे सरांनी वाट काढली. "'योगायोग' म्हणून नोंदवा. अपघाताने लागलेला शोध. तशी सोय आहे नियमात. कुणाचाच वाटा नाही, म्हणजे जुना श्रेयांश तसाच राहतो. हप्ताही चालू, पुण्याचा अर्जही शाबूत."

मॅडमना ते पटलं. "काय बिघडलं सेवंती? दे नोंदवून."

सेवंतीने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी निधीच्या अधिकारी डॉ. मृणाल केतकर यांच्याशी पडद्यावर बैठक होती, तेव्हा दिलं.

"योगायोग नव्हता तो, मॅडम," ती पडद्याला म्हणाली. "योगायोग म्हणजे कुणी काही केलं नाही. आम्ही दोघी दुपारभर भांडत होतो. बोरसे मॅडमनी हात घातला, मी पसरण्याचं बोलले, त्यांनी डिशचं काढलं. तुकडे दोघींचे होते. सुचलं कुणाला, ते मला खरंच माहीत नाही."

केतकरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी तुमच्या वयाची असताना माझं वर्षभराचं काम माझ्या सरांनी त्यांच्या नावावर छापलं. माझं नाव आभारात होतं, तेही चुकीच्या आडनावाने. ही पट्टी आली तेव्हा मला वाटलं, आता असं कुणाचं होणार नाही. आजही वाटतं. तुमच्या मॅडम चांगल्या आहेत. सगळे नसतात. एका जोडीला सूट दिली, तर उद्या तीच सूट मागायला कोण कोण येईल, ते मला माहीत आहे."

"मला कळतं ते," सेवंती म्हणाली.

"मग योगायोग लिहा."

"नाही."

हप्ता बंद झाला. श्रेयांशाच्या जागी 'अनिर्णित' असा शिक्का आला. मॅडमनी त्या दिवशी सेवंतीवर पहिल्यांदा राग काढला. "एक शब्द लिहायचा होता! एवढी काय मोठी खरं बोलणारी लागून गेलीस?" सेवंती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, निकालात नाही ते लिहायचं नाही." मॅडम त्यावर चिडूनच राहिल्या, पण जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली पोळी तिच्याकडे सरकवली.

उरलेल्या चाचण्यांचा खर्च पथारीवाल्या व्यापाऱ्यांनी उचलला. विष कमी झाल्याचा फायदा पहिल्यांदा त्यांनाच कळला होता. विद्यावेतन गेल्याने सेवंतीने दहावीच्या मुलींच्या शिकवण्या धरल्या. हंगाम संपला तेव्हा सहा पथाऱ्यांवर ढिगाची फवारणी सुरू झाली होती.

पुण्याच्या संस्थेने तिला मुलाखतीला बोलावलं, तेही तिला नवल वाटलं. समोर तीन जण होते. पहिल्याने कागद बघून विचारलं, "श्रेयांश अनिर्णित. मग या कामातलं तुमचं नेमकं काय?"

"जिवाणू मी शोधला. ढिगाची गोष्ट आम्हाला बोलता बोलता कळली. त्यातलं माझं वेगळं काढून दाखवता येणार नाही."

पहिल्याने मान हलवून काहीतरी लिहिलं. दुसऱ्याने मिरचीबद्दल दोन प्रश्न विचारले. तिसऱ्या बाई वयस्क होत्या. इतका वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक जिवाणू आहे. प्रयोगशाळेत खारवट मातीतलं मीठ खातो, शेतात खात नाही. दोन वर्षं झाली. तुला काय वाटतं?"

सेवंतीने काहीतरी सांगितलं. बाईंनी ते खोडलं. सेवंतीने विचारलं, शेतात आधी काय होतं? बाई म्हणाल्या, ऊस. मग पाणी किती? कुठून? बाईंनी टेबलावरचा अर्ज पालथा केला आणि त्यावर बोटाने शेताची आकृती काढू लागल्या. सेवंती खुर्ची पुढे ओढून ओणवी झाली. पहिल्या परीक्षकाने घड्याळ पाहिलं, बाहेर बसलेल्या पुढच्या मुलाला थोडं थांबायला सांगितलं, आणि मग तोही म्हणाला, "पण निचरा कसा आहे तिथे?"

निवड झालेल्यांच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं.

जूनमध्ये ती गेली. बोरसे मॅडमनी त्या वर्षी निधीला अर्ज केला नाही. पुढच्या वर्षी करायचा, असं ठरवून टाकलं. मुलांना पैसा लागतो, आणि डॉ. केतकर काही अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या. पट्टी लावून कसं बोलायचं, ते बघता येईल.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्या प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. डिशेस उघडून बघताना त्यांना एकदम काहीतरी सुचलं. फवारायचंच कशाला? मिरची ज्या पोत्यांतून येते ती पोतीच आदल्या दिवशी जिवाणूंच्या पाण्यात भिजवली तर? त्या बोलायला वळल्या. स्टूल रिकामं होतं. त्यांनी फोन लावला.

"अगं, वेळ आहे का दोन मिनिटं?" आणि त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"चूक आहे मॅडम," सेवंती म्हणाली. "पोती टेम्पोत वाळतील, जिवाणू तिथेच मरतील."

"बरं."

"नाही, नाही, ठेवू नका," सेवंतीच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पुढे बोला ना. पोती ओली राहिली तर?"